सुईच्या डोक्यावरचे चार आणे

एक सुई मी गेली काही वर्षं कुणालाही दाखवलेली नाही. दुकानात कुणी रेकॉर्ड प्लेअर घेऊन आलं, की माझं पहिलं वाक्य ठरलेलं—आधी सुई दाखवा. मशीन नंतर, रेकॉर्ड नंतर, तक्रार त्याच्याही नंतर. पण ही एक सुई अण्णांच्या तपकिरीच्या डबीत, कापसात आहे, आणि ती माझ्या नवऱ्यानेसुद्धा पाहिलेली नाही. डबीत आणखी एक वस्तू आहे. तिच्यापर्यंत यायला थोडा वेळ लागेल. येणार आहे मी—पळ काढायचा असता तर लिहायलाच बसले नसते.

आणि एक आधीच सांगते. माझी कीव करू नका. ‘चालायचंच, माणूस आहे, होतं असं’—हे तर मला ऐकवूच नका. आपोआप काही झालेलं नाही. मी केलं आहे.

माझं दुकान माणगावात, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. अण्णा, म्हणजे माझे वडील, आसपासच्या गावांना लग्नासाठी लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचे. दोन कर्णे, एक अॅम्प्लिफायर, एक प्लेअर आणि पत्र्याच्या पेटीत रेकॉर्डी. मांडवात मी नवरीपेक्षा त्या प्लेअरकडेच जास्त बघत बसायचे. पुढे कॅसेट आल्या, अण्णांचं सामान माळ्यावर गेलं, अण्णाही गेले, आणि मी मिक्सर-पंखे-टीव्ही दुरुस्त करत राहिले. मग काय वारं फिरलं कोण जाणे—अलिबागच्या बंगलेवाल्यांना एकाएकी रेकॉर्डी हव्याशा झाल्या. मुंबईहून रो-रो बोटीने गाडी आणायची, गाडीत नवाकोरा प्लेअर, आणि सहा महिन्यांत तो मुका. का? तर खाऱ्या हवेने कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई ज्यात बसते त्या डबीच्या, मागच्या पिना हिरव्या पडलेल्या, नाहीतर सुईच्या टोकाला कचऱ्याचा बोळा. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि लोक अलिबागहून माणगावला माझ्याकडे यायला लागले. ‘सुईवाली मंदाताई’ हे नाव त्यांनीच पाडलं. मला ते आवडलं. फार आवडलं—हेही लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या आवडण्यातून आलं.

सुई साफ करणं म्हणजे काय असतं, ठाऊक आहे तुम्हाला? हिऱ्याचा एक कण, नुसत्या डोळ्यांना धड न दिसणारा, केसासारख्या दांडीच्या टोकाला बसवलेला. त्याला बोट लावायचं नाही. फुंकर मारायची नाही, फुंकरीबरोबर थुंकी जाते. मऊ कुंचला घ्यायचा आणि मागून पुढे फिरवायचा, रेकॉर्ड सुईखालून ज्या दिशेने सरकते त्याच दिशेने. आडवा नाही, उलटा तर कधीच नाही. चिकटलेलं निघत नसेल तर कुंचल्याला स्पिरिटचा इवलासा थेंब, तोही फक्त टोकापुरता—वर चढला तर आतला डिंक सुटतो. मग भिंगातून बघायचं. एका बाजूचा आवाज गेला म्हणून लगेच कार्ट्रिज मेलं म्हणायचं नाही. मागच्या डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करायची. मुकेपणा दुसऱ्या स्पीकरकडे गेला तर दोष कार्ट्रिजचा, आधीचाच स्पीकर मुका राहिला तर दोष पुढे कुठेतरी. सुई उड्या मारत असेल तर पहिल्यांदा सुईच बघायची, मग प्लेअरच्या हाताचं, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचं वजन, मग प्लेअर सपाट बसलाय का ते.

आणि सुईच्या डोक्यावर नाणं ठेवायचं नाही. हे माझ्या दुकानात पाटीवर लिहिलेलं आहे, लाल अक्षरात. लोक वाचतात आणि हसतात. हसू दे. आमच्याकडचा एकूण एक स्पीकरवाला नाणं ठेवायचा. मांडवात पोरं नाचायला लागली की जमीन हादरायची, सुई भलतीकडे जाऊन पडायची. मग अण्णा प्लेअरच्या हाताच्या टोकाला, बरोबर सुईच्या वर, चार आण्यांचं नाणं चिकटपट्टीने लावायचे. सुई दबून चालायची, गाणं अखंड वाजायचं. रेकॉर्ड झिजायची, पण लग्नातल्या रेकॉर्डी बाजारात पुन्हा मिळत होत्या. अण्णांचं ते नाणं माझ्या खणात होतं. पाटी मी एका ठरावीक दिवसानंतर लावली. कुठल्या दिवसानंतर, हे आजवर कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी थाप मारली असती.

तो दिवस शालूताईंचा होता.

शालूताई दिवेआगरच्या. नारळ-सुपारीची वाडी, वाडीतच चार खोल्या पाहुण्यांसाठी. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठ्या. त्यांची आई गेली तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या, आणि धाकटा भाऊ अनंत चारचा. आईचा फोटो एकच, तोही लग्नातला, भेदरलेल्या चेहऱ्याचा. पण आवाज होता. त्यांचे मामा मुंबईत आवाज मुद्रित करायच्या ठिकाणी कामाला होते. बहीण एकदा त्यांच्याकडे राहायला गेली, तेव्हा त्यांनी तिला माइकसमोर उभं केलं आणि पाळणा म्हणवून घेतला. तिनेच जुळवलेला, शालू आणि अनंत ही दोन्ही नावं गुंफलेला. धातूच्या पत्र्यावर काळा लेप दिलेली ती तबकडी, एकाच बाजूला साडेतीन मिनिटं. जगात एवढी एकच. असा लेप फार हळवा, चांगल्या सुईनेही दर खेपेला थोडा झिजतो. म्हणून ही भावंडं ती वर्षातून एकदाच लावायची—भाऊबीजेला, ओवाळून झाल्यावर.

अनंतराव डोंबिवलीला राहतात. तबकडी त्यांना आपल्याकडे हवी होती. खाऱ्या हवेत ती टिकायची नाही असं त्यांचं म्हणणं. शालूताई ऐकायच्या नाहीत. आई इथली, ती इथेच राहणार. दर भाऊबीजेला हा वाद व्हायचा आणि दर भाऊबीजेला तो जेवणाच्या पानावर मिटायचा.

मग वादळ आलं, कोरोनाच्या पहिल्या वर्षीचं. दिवेआगरात वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. शालूताईंच्या घराचं छप्पर गेलं, भिंत पडली, भिंतीखाली प्लेअर गेला. तबकडी मात्र त्यांनी आदल्या दिवशीच काढून ठेवली होती. आधी प्लास्टिकमध्ये, मग आईच्याच जुन्या लुगड्यात गुंडाळून, तांदळाच्या कोठीत, तांदळाच्या अगदी पोटात. वरचे तांदूळ भिजले. आतले भिजले नाहीत.

पुढे एसटी सुरू झाल्या तशा त्या माझ्याकडे आल्या. म्हसळ्याला गाडी बदलून, तबकडी मांडीवर धरून. त्यांना आवाज पेनड्राईव्हवर उतरवून हवा होता. वादळाने त्यांना घाबरवलं होतं, आणि थोडं मऊही केलं होतं. म्हणाल्या, “तबकडी न्हाय देनार मी अनंताला. पन आवाज दिन. भाऊबीजेला हातावर ठेवीन त्याच्या.”

लुगड्याची घडी मीच उलगडली. टेबलावर तांदळाचे चारदोन दाणे पडले. आम्ही भातवाले लोक. दाणा दिसला की तो दाताखाली धरून बघायची सवय असते, वाळलाय का ते. मी एक दाणा उचलून दाताखाली धरला. कट्कन तुटला.

हा दाणा लक्षात ठेवा.

आता सुईचं. आदल्या दिवशी मी प्लेअरवर वाकून काहीतरी काढत होते आणि माझा पदर सुईत अडकला. पदर मागे गेला, सुई त्याच्याबरोबर ओढली गेली. भिंगातून बघायला हवं होतं—बघितलं नाही, कारण काय दिसणार ते मला ठाऊक होतं. नवीन सुई मुंबईहून यायची होती, सगळंच अडकलं होतं तेव्हा, ती आली नव्हती. तो प्लेअर मी फडक्याखाली झाकून बाजूला ठेवला होता. म्हणजे मला माहीत होतं. शंका नव्हती, अंदाज नव्हता—माहीत होतं.

मग मी शालूताईंना ‘आज नाही, आठ दिवसांनी या’ एवढं का म्हणाले नाही? त्या रागावल्या असत्या का? मुळीच नाही. चहा घेऊन, तबकडी पुन्हा गुंडाळून निघून गेल्या असत्या. पण मी सुईवाली मंदाताई. माझ्याकडे आलेलं माणूस काम न होता परत जातं म्हणजे काय? आणि कारण काय सांगायचं—सुईवालीचाच पदर सुईत अडकला? मला ती लाज परवडेना. मी फडकं काढलं.

सुई टेकवली. उडाली. पुन्हा टेकवली, पुन्हा उडाली. साफसफाईचा आणि खोट शोधण्याचा जो पाठ मी वर तुम्हाला ऐकवला, तो तेव्हाही मला तोंडपाठ होता. सुई उडते, तर आधी सुई बघ! मी खण उघडला आणि अण्णांचे चार आणे काढले. चिकटपट्टी लावली. आणखी एक—आवाज उतरवून घ्यायचं यंत्र पहिल्याच फेरीला चालू करायचं असतं, अशा तबकडीला तर दुसरी फेरी मिळेलच असं नसतं. मी म्हटलं, एकदा वाजते का बघू, मग लावू.

वाजली. खरखर होती, पण तिच्यामागे बाईचा आवाज होता. पातळ, थोडा अनुनासिक, घरात गाणाऱ्या बाईचा. शालूताईंनी डोळे मिटले. आणि त्याच वेळी मला सुईपाशी काहीतरी काळं दिसलं. बारीक, केसासारखं, कुरळं. ते वाढत होतं. तबकडीवरचा लेप सुटून दोऱ्यासारखा वर येत होता—मोडकी सुई, वर अण्णांच्या नाण्याचा भार घेऊन, नांगरासारखी आईच्या आवाजावरून चालली होती.

प्लेअरचा हात उचलायला किती वेळ लागतो? एक बोट लागतं. पहिलं अर्ध मिनिटही झालं नव्हतं, तीन मिनिटं वाचली असती. मी हात उचलला नाही. उचलला असता तर शालूताईंनी डोळे उघडले असते आणि विचारलं असतं, काय झालं? मी तो दोरा वाढताना बघत उभी राहिले. पाळण्यात शालूचं नाव आलं. मग अनंताचं आलं. शेवटी ती बाई हलकंसं हसून ‘झालं का रे दादा?’ असं भावाला विचारते, तेही आलं. सगळं ऐकलं मी. त्या आवाजाची शेवटची साडेतीन मिनिटं ऐकणारी जी दोन माणसं जगात आहेत, त्यांतली एक मी आहे.

“मंदा, आनखी येकदा लाव ना,” शालूताई म्हणाल्या. त्यांचे डोळे ओले होते.

त्या डोळे पदराने पुसत होत्या तेवढ्यात मी सुईवरचा काळा गुंता चिमटीत काढून मुठीत घेतला. नाणंही काढलं. पुन्हा सुई टेकवली. खरखर. नुसती खरखर, आणि तिच्या तळाशी कुणीतरी भिंतीपलीकडे बोलावं तसं काहीतरी. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी काय म्हणाले ते शब्दाला शब्द मला आठवतं. मी म्हणाले, “वादळात ओल शिरली असणार, ताई. वरून दिसत नाही, लेप आतून सुटतो. शेवटचं जेवढं होतं तेवढं आत्ता निघालं.”

किती नीट जुळवलेलं खोटं! पहिली फेरी वाजली ती का वाजली, दुसरी नाही ती का नाही—दोन्हींचं उत्तर त्यात होतं. शालूताई म्हणाल्या, “पन मी तांदळात ठेवली होती गो.” मी म्हणाले, “ओलीला काय, कुठूनही शिरते.” दाण्याची चव अजून माझ्या तोंडात होती.

त्या वर्षी सगळ्याचं खापर वादळावर फुटत होतं. कुणाचं कौल, कुणाची गाय, कुणाचं काय. आणखी एक खापर त्याच्यावर फोडलं तर कोण विचारणार होतं? कुणीच विचारलं नाही. पण वादळाला कुठे काय लागतं? लागलं ते शालूताईंना. त्यांनी डोंबिवलीला फोन केला. अनंतराव म्हणाले, तुझ्या हट्टापायी आई दुसऱ्यांदा गेली. ते त्या भाऊबीजेला आले नाहीत. त्यानंतरच्या एकाही भाऊबीजेला आलेले नाहीत.

तुम्ही माझ्या बाजूने काही शोधत असाल तर थांबा, मीच सांगते काय काय सापडेल. सुया मिळत नव्हत्या. खरं आहे. या धंद्यात बाई चुकली की ‘बाईमाणूस, तिला काय कळतंय’ म्हणायला माणसं टपलेलीच असतात. हेही खरं आहे, आणि त्यांच्या नावाने मी अजून बोटं मोडते. पण समोर त्यांतला कुणी बसला नव्हता. समोर शालूताई होत्या, ज्या मला हुशार म्हणायच्या. हे सगळं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. दाणा कट्कन तुटला होता, त्याला यातलं काहीही पुरत नाही.

आज बंगलेवाले म्हणतात, मंदाताईंसारखा हात नाही. आता कुठलीही सुई भिंगातून बघितल्याशिवाय मी रेकॉर्डवर टेकवत नाही. पदर खोचल्याशिवाय प्लेअरपाशी जात नाही. गिऱ्हाईकाला ‘आज नाही’ म्हणताना माझी जीभ अडखळत नाही. लोकांना वाटतं हा माझा काटेकोर स्वभाव. या काटेकोरपणाची किंमत दिवेआगरातल्या एका बाईने भरली आहे, आणि तिला ते माहीत नाही.

ती बाई दर दिवाळीनंतर माझ्या दुकानात येते. पिशवीत वादळातून वाचलेल्या माडांचे पाच-सहा नारळ, पुडीत रोठा सुपारी. मी निदान एकदा तरी तिला आईचा आवाज ऐकवला म्हणून! दर वेळी शालूताई तेच म्हणतात, “वादळानं नेलं तं नेलं. त्यात तुजा काय दोष?” आणि मी नारळ ठेवून घेते. फेकले असतील, कुणाला वाटून टाकले असतील, असं वाटलं का तुम्हाला? नाही. खाल्ले. सोलकढीत घातले, वड्या केल्या, मोदकही केले त्यांचे. चांगले गोड नारळ असतात त्यांच्या वाडीचे.

या वेळीही आल्या. थकल्यासारख्या दिसल्या, वाडीत नवी लावलेली झाडं अजून खांद्याएवढीच आहेत म्हणाल्या. जाताना सहज बोलल्यासारखं बोलल्या, की येत्या आठवड्यात डोंबिवलीला जाणार आहेत. अनंताच्या पाया पडणार. “लहान हाय, पन काय झालं? चूक माजी हाय. मी त्याला आईला नेऊ दिली न्हाय, आन् मला सांभाळाया आली न्हाय.”

सत्तरीला टेकलेली मोठी बहीण, धाकट्या भावाच्या पाया पडणार. माझ्या खोट्यासाठी. आणि मी—तेव्हा तरी बोलले का? नाही. पिशवी रिकामी करून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, सांभाळून जा, ताई.

त्या गेल्यावर मी डबी उघडली. सुई आहे. भिंगाखाली धरली की टोकाचा एक तुकडा उडालेला दिसतो, उरलेली कड कोयत्यासारखी. आणि सुईशेजारी तो काळा दोरा आहे, कापसावर गोळा झालेला. डबीसकट ते दोन्ही, आणि या कागदांची एक प्रत, उद्या पहिल्या गाडीने मी स्वतः दिवेआगरला नेऊन शालूताईंच्या हातात देणार आहे. दुसरी प्रत आजच डोंबिवलीला धाडते आहे. पाटी दुकानात तशीच राहील, फक्त तिच्याखाली आजपासून कारण लिहिलेलं असेल. ज्याला हसायचं त्याने ते वाचून हसावं.

शालूताई, तुम्ही कुणाच्याही पाया पडायचं नाही. अनंतराव, तुमच्या बहिणीने तबकडी माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा ती कोरडी होती, लुगडं कोरडं होतं. घडीतून पडलेला तांदळाचा दाणा मी दाताखाली धरला होता, आणि तो कट्कन तुटला होता.